बाईंच्या टेबलावरची झाकणं

नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात मी एका सकाळीत बालवाडीचा अख्खा वर्ग फुकट घालवला. ‘फुकट घालवला’ हे आमच्या प्रमुख मॅडमचे शब्द. माझ्या मते मी फक्त खोकल्याचं औषध प्यायलो होतो.

आमच्या संस्थेचं काम म्हणजे औषधांच्या बाटल्यांची झाकणं तपासणं. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या नातवंडं चघळायच्या गोळ्या समजून तोंडात टाकतात आणि मग दवाखान्यात धावाधाव होते. तसं होऊ नये म्हणून झाकण असं हवं की मोठ्या माणसाला उघडेल आणि चार वर्षांच्या पोराला उघडणार नाही. हे कागदावर ठरत नाही. त्यासाठी खरीखुरी चार वर्षांची पोरं आणावी लागतात, त्यांच्या हातात रिकामी बाटली द्यावी लागते आणि ‘उघड बघू’ म्हणावं लागतं. पहिली पाच मिनिटं काही दाखवायचं नाही. मग एकदा झाकण उघडून दाखवायचं, ‘दात लावलेस तरी चालेल’ असंही सांगायचं आणि पुन्हा पाच मिनिटं द्यायची. ज्या झाकणापुढे बहुतेक पोरं हात टेकतात ते झाकण पास. थोडक्यात, पोरं नापास झाली की झाकण पास. शाळेत असताना मला कोणी आणलं असतं तर मी पुष्कळ झाकणं पास करून दिली असती.

तर त्या सकाळी पोरं सतरंजीवर आपापल्या नंबरची वाट बघत बसली होती, मी त्यांच्यावर लक्ष ठेवून होतो आणि घसा खवखवत होता. मी खिशातून बाटली काढली, झाकण दाबलं, फिरवलं, एक घोट घेतला. पोरं एकदम चिडीचूप झाली. मला वाटलं, आपला दरारा आहे.

मग ती जोडीजोडीने टेबलावर गेली आणि झाकणं टपाटप उघडायला लागली. दाब, फिरव, उघड. दाब, फिरव, उघड. काचेमागच्या खोलीतून मॅडम बाहेर आल्या.

“आज काय इंजिनिअरांची पोरं बोलावलीत का?”

टेबलाशी बसलेल्या बाईंनी चेहऱ्यावरची रेघही न हलवता सांगितलं, “ह्याला खोकला झालाय.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या फुगलेल्या खिशाकडे. पुढचं सांगण्यासारखं नाही. बाईंनी मात्र त्या दिवसापासून माझं नाव ‘खोकल्या’ ठेवलं आणि खोकला बरा झाला तरी नाव काही गेलं नाही.

बाई म्हणजे आमच्या पहिल्या टेबलाच्या मालकीणच. दुसऱ्या टेबलावर दर सहा महिन्यांनी नवा चेहरा यायचा, पहिल्यावर बाईच. आधी त्या पिठाच्या गिरणीवरच्या एका खोलीत बालवाडी चालवायच्या. गिरणी गेली, तिथे इमारत आली, बालवाडी उठली. इथे कशा आलात, असं मी त्यांना विचारलं तेव्हा मला वाटलं होतं की काहीतरी काळजाला हात घालणारा प्रसंग निघेल. एखादं पोर, एखादी बाटली. बाई म्हणाल्या, “जाहिरात वाचली. घरापासून जवळ होतं.”

या कामाची मुख्य अट म्हणजे तोंड बंद आणि चेहरा कोरा. पोराने झाकण उघडलं तरी कौतुक नाही, नाही उघडलं तरी हळहळ नाही. आयुष्यभर ‘शाबास’ म्हणत आलेल्या बाईला ही शिक्षाच की. बाईंनी म्हणे पहिले काही दिवस घरी आरशासमोर बसून सराव केला होता. काका, म्हणजे त्यांचे मिस्टर, मागून डोकावून हसायचे आणि सगळी मेहनत वाया जायची. पण जमवलं त्यांनी. टेबलाशी बसल्या की पुतळा. फक्त संध्याकाळी पोरं गेल्यावर बुटक्या खुर्च्या सरळ करताना त्या एकेका खुर्चीला हळूच म्हणायच्या, “शाबास रे. शाबास गं. तू चावायला नको होतंस, पण शाबास.” मी हे दाराआडून ऐकलंय. त्यांना माहीत नाही.

खोकल्याच्या प्रकरणानंतर माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. तिथे प्रत्येक चाचणीचं चित्रण साठवलेलं असतं. ते बघायचं आणि कोणत्या पोराने कधी उघडलं हे पडताळायचं. खोलीला खिडकी नाही, पंखा आहे तो नुसता आवाजापुरता. करमणूक म्हणून मी स्वतःशीच पैज लावायला लागलो. पोर खुर्चीत बसलं की त्याच्या चेहऱ्यावरून सांगायचं, हे उघडणार की रडणार. दुसऱ्या टेबलाच्या पैजा मी बऱ्यापैकी जिंकायचो. बाईंच्या टेबलाच्या सारख्या हरायचो. जे पोर पाहताक्षणी ढ वाटायचं तेही तिथे काही दाखवायच्या आधीच झाकण उघडून मोकळं व्हायचं.

आधी वाटलं, मलाच माणसं ओळखता येत नाहीत. मग जुनी चित्रणं काढली. जुन्यात दोन्ही टेबलं सारखीच. फरक सुरू होत होता मागच्याच्या आधीच्या हिवाळ्यापासून. एकच झाकण, एकाच बालवाडीची पोरं, आणि बाईंच्या टेबलावर जवळजवळ दुप्पट उघडलेली.

चहाच्या वेळी मी गंमत म्हणून सांगितलं, “बाई, तुमच्या टेबलावर पेपर फुटतोय.”

बाई हसल्या नाहीत. कप खाली ठेवला. “कधीपासून?”

मी सांगितलं.

“मॅडमना सांग.”

“जाऊ द्या ना बाई. मी आधीच एकदा वर्ग घालवलाय, आता चुगलखोर पण होऊ?”

“तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. पण तू पाहिलंयस, तू सांगितलेलं बरं.” आणि थोड्या वेळाने, “अरे, पण असं होईल कसं? मी तर काहीच करत नाही!”

हे त्यांनी घाबरून नाही म्हटलं. कोडं घातल्यावर पोरं जसं डोकं खाजवतात तसं म्हटलं.

मॅडम मात्र घाबरल्या. त्यांनी मला काचेमागच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. बाईंच्या टेबलावर जी झाकणं ‘पोरांना उघडतात’ म्हणून नापास झाली, ती कारखानदारांनी परत नेऊन आणखी घट्ट केली होती. आणि झाकण फार घट्ट झालं की म्हातारी माणसं ते लावतच नाहीत. बाटली उशाशी उघडी, नातू खोलीत मोकळा. म्हणजे आमची काळजीच पोरांच्या जिवावर उठायची.

मग त्यांनी बाईंना आत बोलावलं. “बाई, खोट टेबलात असेल तर टेबल बदलू. पण तुमच्याकडून काही होत असेल तर मला तुम्हाला तिथे बसवता येणार नाही. महिनाअखेरपर्यंत कारण शोधू. नाहीतर तुम्ही गोदामात या, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायचं काम आहे. पगार तोच राहील.”

“पगाराचं नाही हो,” बाई म्हणाल्या. “गोदामात बाटल्या असतात. पोरं नसतात.”

त्यांचा मुलगा दूरच्या शहरात, नात फोनच्या पडद्यावर. पोरांच्या शेजारी बसायची त्यांना उरलेली जागा म्हणजे ती टेबलाजवळची खुर्ची. हे त्या बोलल्या नाहीत, पण आम्हा दोघांना कळलं, आणि मॅडम उगाच कागद सारखे करायला लागल्या.

शोध सुरू झाला. पहिल्यांदा टेबलांची अदलाबदल केली. बाई दुसऱ्या टेबलावर बसल्या, तर झाकणं तिथे उघडायला लागली, म्हणजे टेबलाची खोट नाही. मग चेहऱ्यावर संशय. बाईंनी तोंडाला मास्क लावला. तरी झाकणं उघडतच होती. मी म्हटलं, डोळे! पोरं डोळे वाचतात. मी माझा काळा गॉगल आणून दिला. बाईंनी तो गंभीरपणे लावला आणि बसल्या. पहिल्या जोडीतला पोरगा बाटली सोडून त्यांच्याकडेच बघत राहिला.

“आजी, तू पोलीस आहेस?”

बाई गप्प. नियमच तसा.

“मी काही नाही केलं,” असं म्हणून त्याने गळा काढला, तो बघून शेजारची रडली, सतरंजीवरचे सगळे रडले. मॅडमनी मला पुन्हा बोलावलं. तेही सांगण्यासारखं नाही.

महिना संपत आला. बाईंना यात रस वाढतच चालला होता. जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्या खोलीत येऊन स्वतःलाच पडद्यावर बघत बसायच्या. “किती ताठ बसते रे मी! बघ, पापणीसुद्धा हलत नाही.” खरंच हलत नव्हती. आम्ही दोघं तासन्‌तास त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. इतका चांगला चेहरा होता की दुसरीकडे कुठे बघायचं सुचलंच नाही.

शोधासाठी म्हणून मॅडमनी मला घड्याळ देऊन पुन्हा बाईंच्या टेबलाजवळ बसवलं, आणि मग ती खिसेवाली आली. फ्रॉकला पुढे दोन भले मोठे खिसे, आणि दोन्हींत काहीतरी ठासून भरलेलं. तिच्या जोडीदाराने बाटली टेबलावर आपटायला सुरुवात केली. हिने तसलं काही केलं नाही. बाटलीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, मग दाबून, जीभ बाहेर काढून, फिरवून, झाकण उघडलं. आत डोळा लावून बघितलं.

“ह्यात काहीच नाही!” म्हणाली. फसवणूक झाल्याचा सूर.

मी घड्याळ थांबवलं. आता पोरांना बाहेर न्यायचं. मी उठलो, तर बाईंनी हात वर केला.

“थांब. हिला एक विचारायचंय.”

“बाई, कॅमेरा चालू आहे.”

“असू दे की चालू.”

चाचणीतल्या पोराशी बोलायचं नाही, हा नियम त्यांनीच मला पहिल्या दिवशी पाठ करायला लावला होता. काचेमागे मॅडम उभ्या आहेत हेही त्यांना माहीत होतं. आणि उत्तर काय येईल, त्याने खुर्ची जाईल की राहील, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. तरी त्या वाकल्या.

“तुला कसं गं कळलं, हे कसं उघडायचं ते?”

खिसेवालीने त्यांच्याकडे असं पाहिलं की हा काय प्रश्न झाला. “तूच तर सांगितलंस.”

“मी? मी कुठे बोलले?”

“बोलली नाहीस. पण असं असं करत होतीस ना.”

आणि तिने डाव्या अंगठ्याच्या बुंध्यावर उजवा तळवा ठेवला, दाबला आणि फिरवला. पुन्हा दाबला, फिरवला. “सारखं सारखं.”

बाईंनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा तळवा त्या क्षणीही डाव्या अंगठ्यावरच होता, अर्धा फिरलेला.

त्या हिवाळ्यात सांधे दुखायला लागल्यापासूनची सवय. टेबलाखाली नाही, मांडीवर, पोरांच्या बरोब्बर डोळ्यांच्या पातळीला. आम्ही मोठी माणसं वरून बघत होतो, चेहरा बघत होतो. पोरांना चेहऱ्यात काही मिळत नव्हतं, म्हणून ती जे हलतंय तिथे बघत होती. खोकल्याच्या दिवशी माझ्या हातात तरी बाटली होती. बाई नुसत्या हवेतल्या बाटलीवर शिकवत होत्या.

मला वाटलं, आता बाईंचा चेहरा पडणार. “अस्सं!” त्या म्हणाल्या, आणि इतक्या खुश झाल्या की मला कळेना, आपलं काय गेलंय हे यांना कळलंय की नाही. “अस्सं आहे होय! अगं, किती नीट बघतेस तू!”

“आता मी विचारू?” खिसेवाली म्हणाली. “तू असं का करतेस?”

“हात दुखतात गं.”

“का दुखतात?”

“थंडी असली की दुखतात.”

“थंडी मला पण वाजते. माझे नाही दुखत.”

“म्हातारे झाले ना आता.”

“आमची मांजर म्हातारी आहे. ती नाही असं करत.”

‘मोठी झालीस की कळेल’ हे मोठ्यांचं हुकमी पान बाई टाकू शकल्या असत्या. टाकलं नाही. “बरं बाई, मला नीट माहीत नाही. विचारते आणि तुला सांगते.”

“नक्की?”

“नक्की.”

खिसेवालीने मान डोलावली आणि जाताना झाकण खिशात घालून नेलं. मी बघितलं, पण बोललो नाही. एवढी कमाई तिची होतीच.

संध्याकाळी मी बाईंना घरी सोडायला गेलो. जिन्यात त्या मध्येच थांबून आपल्या हातांकडे बघायला लागल्या, तेव्हा कुठे मला वाटलं की कळलंय. काकांनी दार उघडलं. घड्याळं दुरुस्त करून करून त्यांचा एक डोळा कायम बारीक झालाय, त्यामुळे ते समोरच्यावर संशय घेताहेत असं वाटतं. सगळी हकीकत ऐकल्यावर म्हणाले, “एवढंच ना? ही झोपेतसुद्धा हात दाबते. मला विचारलं असतंत तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.”

“तुम्हाला कोण विचारणार होतं?” बाई करवादल्या. “आणि दिसत होतं तर बोलला का नाहीत?”

“मला काय माहीत, तू तिथे जाऊन पोरांना चोऱ्या शिकवतेस ते.”

चहा येईपर्यंत मी इकडेतिकडे बघत होतो. खिडकीजवळच्या फळीवर औषधाच्या बाटल्या रांगेने उभ्या. एकीलाही झाकण नीट लावलेलं नव्हतं. नुसती वर टेकवलेली, वारा आला तर उडतील अशी.

“बाई! आणि तुमच्याच घरी?”

“मग काय रोज कुस्ती खेळू त्यांच्याशी?” त्या म्हणाल्या. मग स्वतःच फळीकडे बघत राहिल्या. “आमच्याकडे पोरं नाहीत म्हणून चालतं. ज्यांच्याकडे आहेत ते काय करत असतील रे?”

दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्यांना एक संधी दिली. हात एप्रनच्या खिशात घालून बसा. बाई बसल्या. थोड्याच वेळात खिसे हलायला लागले. आत काय आहे म्हणून पोरं खुर्चीवरून उठून बघायला आली. हातांवर शाल घातली, तर शाल हलली. बाईंनी मनावर घेऊन हात थांबवले, तर दुखण्याने चेहरा हलला, आणि पोरं तो बघायला लागली.

“झालं,” बाई उठत म्हणाल्या. “माझ्या टेबलाचे त्या हिवाळ्यापासूनचे सगळे निकाल बाद करा मॅडम. ती झाकणं परत मागवा, परत तपासा. आणि या खुर्चीत खोकल्याला बसवा.”

“मला?” मी म्हटलं.

“तुझे हात नुसते रिकामे असतात. तेवढंच हवंय.”

मॅडमनी त्यांना गोदामात पाठवलं नाही. फळीवरच्या बाटल्यांची गोष्ट मी बोलून गेलो होतो, ती त्यांच्या डोक्यात बसली होती. आता नवीन पाहणी सुरू झालीय: नातवंडं असलेल्या घरांत म्हातारी माणसं झाकणं खरंच लावतात का, आणि नसतील तर का. मी गेलो असतो तर सगळ्यांनी सांगितलं असतं, लावतो हो. बाई जातात, समोर बसून अंगठा दाबतात, मग समोरची आजीही दाबायला लागते आणि म्हणते, अहो कसलं लावतोय! पाहणी सकाळची असते. त्या वेळी पोरं शाळेत गेलेली असतात. बाई म्हणतात, घरभर त्यांचे बूट आणि दप्तरं दिसतात, पोरं दिसत नाहीत. एवढं बोलून विषय बदलतात.

मी टेबलाशी बसतो. हात मांडीखाली दाबून ठेवतो, ते बधिर होतात, आणि उठल्यावर मला पेनसुद्धा धरता येत नाही. शिकवताना बाईंनी काही दयामाया दाखवली नाही. “भुवई हलली. परत. ओठ मुडपलास. परत.”

राहिली एक गोष्ट. खिसेवालीचं उत्तर. बालवाडी सकाळची आणि बाई सकाळी घरांवर, म्हणून ते काम त्यांनी माझ्या गळ्यात घातलं. झाकणं म्हाताऱ्यांना उघडतात का हे बघायच्या चाचणीला येणाऱ्या डॉक्टरांना मी विचारून घेतलं. दोन हाडं जिथे भेटतात तिथे मध्ये एक मऊ गुळगुळीत थर असतो, तो झिजला की हाडावर हाड घासतं. मांजरांचंही दुखतं, पण ती सांगत नाहीत, नुसती उडी मारायची सोडतात. चार वर्षांच्या माणसाला सांगायचं म्हणून मी दोन खडू आणि मध्ये स्पंजचा तुकडा असं तयार करून ठेवलं. पण आमच्याकडे एकदा आलेलं पोर पुन्हा बोलावत नाहीत. म्हणून मीच बालवाडीत गेलो.

फाटकाशी राखण करणारी बाई उभी होती. आत घसरगुंडीवर खिसेवाली दिसत होती.

“कोण हवंय?”

“ती, खिशांचा फ्रॉक घातलेली.”

“तुम्ही तिचे कोण?”

“कोणी नाही.”

“मग काम काय?”

“तिला एक उत्तर द्यायचंय,” मी म्हटलं, आणि म्हणताना मलाच माझा संशय आला.

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातल्या खडूंकडे पाहिलं. आणि फाटकाची आतली कडीही लावली. “तिच्या आईला घेऊन या,” म्हणाली. “आईशिवाय कोणाशी बोलायचं नाही.”

आई कुठल्याशा कार्यालयात कामाला, संध्याकाळी उशिरा घरी येते, आणि पत्ता सांगायलाही ती राखणवाली तयार नाही. मी बाईंना फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं, वैतागतील.

“चांगली आहे हो ती बाई,” त्या म्हणाल्या. “असंच हवं. तुझ्यासारख्याला आत सोडलं असतं तर मीच जाऊन भांडले असते.”

“मग आता?”

“आता काय? मी त्या पोरीला नक्की म्हटलंय, खोकल्या. आईला शोध.”

आई अजून सापडलेली नाही. खडू टेबलाच्या खणात आहेत.